खाणीतलं पाणी गार होतं

दि. १२ जानेवारी
घरून

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सर्व क्षेम, तुझीही खुशाली असावी. शाळेत बाईंनी एवढंच शिकवलं होतं, ते लिहून झालं. पुढचं सुचेल तसं लिहिते.

तुझा पत्ता मावशीकडून मिळवला. तिच्यावर रागावू नकोस. तू तिला शपथ घातली होतीस आणि ती शेवटपर्यंत "मला ठाऊकच नाही" म्हणत होती. मी तिच्या स्वयंपाकघरात पाट टाकून बसले आणि उठेचना. शेवटी तिनं साखरेच्या डब्याखालचा कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "हे बघ, मी दिलेला नाही, तू घेतलास." वर मला बजावलं, की हा पत्ता बाबांना सांगायचा नाही आणि स्वतः तिकडे जाऊन उभं राहायचं नाही. दोन्ही कबूल केलंय, दोन्ही पाळीन. पत्र पाठवायचं नाही असं मात्र काही बोलणं झालेलं नाही.

मावशी सांगत होती, आधी तुझा महिन्याकाठी एखादा फोन यायचा. पावसाळ्यानंतर एकदाही आलेला नाही. ती काळजी करते. म्हणजे बोलत नाही, पण फोन हाताशी घेऊन भाजी निवडते.

माझी बातमी तुला मावशीनं दिली असेलच. अग्निशमन दलात मी नोकरीला आहेच, पण आता आमच्या दलाचं पाणबुडे पथक तयार होतंय आणि त्यात माझी निवड झाली. निवडीत बाई मी एकटीच. दलातल्या पोरांना प्रश्न पडलाय की मला म्हणायचं काय. पुरुष असता तर पाणबुड्या. बाईला काय म्हणणार, पाणबुडी? ती तर बोट झाली. तेव्हा सध्या मी बोट आहे. "बोट आली का?", "बोटीला चहा द्या," असं चालू असतं. तू लहानपणी मला चिंगळी, मासळीतली सगळ्यांत बारकी, म्हणायचास, त्यापेक्षा ही बढतीच म्हणायची.

तुला वाटेल, पोहता येतं, दमसास आहे, मग शिकायचं काय उरलं? मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्याच दिवशी मास्तरांनी, म्हणजे आम्हाला शिकवतात त्यांनी, सगळ्यांच्या मास्कच्या काचेला आतून काळा कागद चिकटवला आणि तरणतलावात उतरवलं. निळाशार पाणी, तळाची फरशी लख्ख दिसावी असं, आणि आम्ही आंधळे. "जिथे तुम्हाला बोलावणार आहेत तिथे याहून जास्त दिसायचं नाही," मास्तर म्हणाले. "सवय आत्तापासून." मग तळाशी टाकलेली किल्ली शोधायची. गाठ सोडायची. कोळ्याचं जुनं जाळं अंगावर टाकतात, त्यातून न घाबरता, एकेक धागा कापत बाहेर यायचं. माझं पहिल्यांदा काय झालं माहितेय? मी जाळ्याबरोबर स्वतःच्या हवेच्या नळीला कात्री लावणार होते. मास्तरांनी मनगट धरलं म्हणून तुझ्याशी आज बोलतेय.

पाण्यात एक माणूस, काठावर त्याचा दोर धरणारा एक, आणि तिसरा पूर्ण तयारीनिशी काठावर बसलेला, पहिल्याचं काही बिनसलं तर उतरायला. दोर धरणाऱ्याचं काम सगळ्यांत अवघड. माझा दोर लंब्या धरतो. लंब्या म्हणजे आमच्याच दलातला, शिडी न लावता पहिल्या मजल्यावरचं मांजर उतरवेल असा उंच. तो दोर एकदा ओढतो म्हणजे विचारतो, ठीक आहेस ना? मी एकदा ओढून सांगते, ठीक. मास्कमध्ये बोलायचीही सोय आहे. दोराबरोबर वायर वर जाते आणि काठावरच्या डब्यातून माझा आवाज सगळ्यांना ऐकू येतो. पण मास्तर म्हणतात, वायर बिघडते, दोर बिघडत नाही.

आणि आमचा जावई. तो राहिलाच सांगायचा. जुन्या गणवेशात वाळू आणि चिंध्या भरून केलेला माणसाएवढा पुतळा आहे. त्याला आदल्या दिवशी पाण्यात टाकून ठेवतात आणि आम्ही शोधून वर आणायचा. स्वतः काही करत नाही, नुसता पडून असतो, आणि सगळ्यांनी त्याला दोन्ही हातांनी जपून उचलायचं. म्हणून त्याचं नाव जावई.

बाबा बरे आहेत. दुकान चालू आहे. तुझ्या जागी त्यांनी कुणाला ठेवलं नाही. मोठ्या फळ्या एकट्यानं उचलतात आणि मग कंबर धरून बसतात. त्या दिवशी दुकानात जे झालं त्याबद्दल या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवलं होतं. मी तिथे नव्हते. गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलं, की कपाटाचं माप चुकलं आणि बाबांनी चारचौघांत तुझ्या कानाखाली वाजवली. चौतीस वर्षांच्या माणसाच्या. झालं, लिहिलं की.

आपल्या घरात तुझा विषय निघत नाही. शेजारच्या काकूंनी मध्ये विचारलं तर बाबा म्हणाले, "राग उतरला की येईल." दोन वर्षं हेच एक वाक्य.

सध्या मी पाण्यात उतरत नाहीये. कान दुखतोय. विशेष काही नाही, या कामात दुखतोच.

तुला एक विचारायचं होतं. तू घड्याळ घालतोस का अजून, स्टीलच्या पट्ट्याचं? आणि तब्येत कशी आहे? वजन वगैरे? सहज विचारते.

मावशीला एक फोन कर. नुसतं "आहे" एवढं म्हटलंस तरी चालेल.

तुझी
चिंगळी

*

दि. २१ जानेवारी
घरून

दादा,

पत्र पोचलं असेल. मावशीला फोन आलेला नाही.

कानाचं मी खोटं लिहिलं. कान ठणठणीत आहे. पाण्यात उतरत नाही कारण मास्तरांनी मला उतरू दिलेलं नाही. कोऱ्या कागदासमोर बसले होते तेव्हाच तुला खरं सांगायचं मनात होतं, आणि पुतळ्याच्या गमतीजमती सांगत बसले. आज सांगते. वाचवेना झालं तर मध्येच ठेवून दे, पण फाडू नकोस.

गावाबाहेर एक बंद पडलेली दगडखाण आहे. पाणी भरून तिचं तळं झालंय. तरणतलाव संपला की पुढचा सराव तिथे. पाणी शेवाळलेलं, हातभर खाली गेलं की काळंकुट्ट, मास्कला कागद लावायची गरजच नाही. त्या दिवशी जावयाला खाणीच्या पूर्वेच्या अंगाला टाकलं होतं, हे मला ठाऊक नसणार हे उघडच आहे. लंब्या दोर धरून काठावर, मी तळाशी. दोर ताणून धरायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखं या टोकापासून त्या टोकापर्यंत पालथं सरकत जायचं, हातानं गाळ चाचपत. टोक आलं की लंब्या दोर हातभर आत घेतो, की उलटं फिरायचं. अशानं तळातली एकही जागा सुटत नाही. दगड लागत होते, एक टायर लागलं, बादली लागली. मग हाताला कापड लागलं. कापडाखाली खांदा.

मी खूश झाले, दादा. अख्ख्या तुकडीत सगळ्यांत लवकर मला सापडला असं वाटलं. मी मास्कमध्ये ओरडले, "जावईबापू सापडले! आज जरा जास्तच जेवलेत, जड लागताहेत!" वरून लंब्याचं हसू ऐकू आलं, मागे बाकीच्यांचं. मी त्याच्या पाठीवर थोपटलंसुद्धा. पुतळ्याच्या पाठीला उचलण्यासाठी पट्टा शिवलेला आहे. मी तो चाचपायला लागले. पट्टा नव्हता. मग दंडावरून हात खाली नेला. पुतळ्याच्या बाहीला पुढे वाळूचा हातमोजा आहे, गोळा नुसता. इथे मनगट होतं. मनगटावर घड्याळ होतं, पट्टा धातूचा.

अशा वेळी काय करायचं ते आम्हाला पाठ आहे. हलवायचं नाही, ओढायचं नाही, वर कळवायचं, तिथेच थांबायचं. मी कळवलं नाही.

मी त्याचा डावा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला आणि बोटं मोजली. अंगठ्यापासून एकेक. माझ्या हातात मोजे होते आणि त्याच्या हाताची अवस्था तू समजून घे, मी लिहीत नाही. मी करंगळीपर्यंत आले. करवतीनं तुझ्या करंगळीचं जे टोक उडालं होतं, पहिल्या पेरापासून, ते मी शोधत होते. करंगळी पूर्ण होती. नखापर्यंत पूर्ण. मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग वाटलं, हा डावा हातच आहे ना? मी त्याच्या अंगावरून हात फिरवत दुसरा हात शोधला, तोही मोजला.

वर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. डब्यातून माझा आवाज येणं बंद झालं होतं. मास्तर हाका मारत होते, त्या मला ऐकू आल्या नाहीत, किंवा आल्या असतील. लंब्यानं दोर ओढला, मी उत्तर दिलं नाही. पुन्हा ओढला. तिसऱ्या गड्यानं मास्क चढवून एक पाय पाण्यात टाकला होता तेव्हा कुठे मी एकदा ओढलं आणि म्हटलं, "हा पुतळा नाही."

वर कुणी हसलं नाही.

मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? दुःख नाही, भीती नाही. मला हायसं वाटलं. कुणाचा तरी मुलगा माझ्या पुढ्यात गाळात पडला होता आणि मी मनात म्हणत होते, बरं झालं, बरं झालं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

काठावर मास्तरांनी विचारलं, "गप्प का झालीस?" मी म्हटलं, वायर. त्यांनी वायर हातात घेऊन तपासली. पोलीस आले, पंचनामा झाला, आम्ही त्याला नीट वर आणलं, झाकलं. मग आमची धुलाई: अंगावर साबणाचं पाणी मारतात, पोशाखासकट, घाण पाण्यात उतरलेल्यांना ते सक्तीचंच आहे. त्या फवाऱ्याखाली उभी असताना मास्तर पुन्हा जवळ आले. या वेळी मी खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही, त्याचीच जास्त धास्ती वाटली.

"किती दिवस झाले त्याला जाऊन?"

"दोन वर्षं."

"म्हणजे प्रत्येक वेळी खाली गेलीस की तू त्यालाच शोधणार."

"नाही सर. या वेळीच—"

"तू गप्प बसलीस म्हणून तो पोरगा उतरायला निघाला होता. घाईत. त्या पाण्यात. त्याला काही झालं असतं म्हणजे?" मग म्हणाले, "भाऊ जिवंत आहे असं धरून चाल ना. जिवंत माणसाला शोधायच्या दुसऱ्या रीती असतात. त्या आधी करून घे. मग पाण्यात ये."

म्हणून मी मावशीकडे जाऊन बसले. म्हणून ते पत्र.

आता पुढचं. खाणीत सापडला त्याची ओळख पटली. चेहऱ्यावरून नाही, घड्याळावरून. परवा त्याचा थोरला भाऊ आमच्या केंद्रावर आला. घरच्यांना आणि आम्हाला शक्यतो भेटू देत नाहीत, पण तो फाटकाशीच उभा राहिला आणि म्हणाला, ज्यांनी काढलं त्यांना बघायचंय. मास्तरांनी मला विचारलं, जाशील का? मी गेले.

रंगारी आहे तो. भिंती रंगवतो. नखांत पांढरा रंग होता. नळ्या वाळत घालतो त्या बाकावर आम्ही बसलो. मला वाटलं होतं, रडेल, नाहीतर भांडेल. त्यानं विचारलं, "खाली पाणी गार होतं का हो?"

मी म्हटलं, "हो. गार होतं."

"त्याला थंडी सोसायची नाही," तो म्हणाला. "घरात उन्हाळ्यातसुद्धा पांघरूण घेऊन निजायचा. आम्ही चिडवायचो."

नखातला रंग खरवडत म्हणाला, "कसा होता? म्हणजे, पडलेला कसा होता?"

मी सांगितलं, कुशीवर होता. हे खरं आहे. झोपल्यासारखा, असं काही म्हणाले नाही, ते खरं नव्हतं.

मग तो आपणहून बोलायला लागला. घरात भांडण झालं होतं. फार मोठं नाही, त्याच्या बोलण्यावरून, खोलीच्या वाटणीवरून काहीतरी. धाकटा बाहेर पडला. "आम्ही कुठे विचारलं नाही, तक्रार दिली नाही. उगाच बोभाटा कशाला? म्हटलं, राग उतरला की येईल." तो घसरून पडला की कसं, कुणालाच माहीत नाही. रंगारी म्हणाला, तेही विचारायची आता सोय नाही.

दादा, त्यानं ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं. बाबांचंच वाक्य, शब्दाला शब्द.

तू फोन कर.

चिंगळी

*

दि. २ फेब्रुवारी
दुकानातून

दादा,

हे पत्र घाईत लिहितेय, वेळेवर मिळावं म्हणून. नीट वाच, दिवसाचा घोळ करू नकोस.

मी बाबांना सांगितलं. तुझ्याबद्दल नाही, रंगाऱ्याबद्दल. जेवताना. त्याचं बोलणं जसं होतं तसं सांगितलं, पुढे एक शब्द जोडला नाही. बाबा जेवत राहिले. मग म्हणाले, "तक्रार का नाही दिली त्यानं?"

"कुणी?"

"त्या रंगाऱ्यानं. भाऊ घरात नाही, आणि माणूस तक्रार देत नाही?"

"सांगितलं ना बाबा. त्याला वाटलं, राग उतरला की येईल."

बाबांनी ताटात हात धुतले. भात तसाच होता. तुला माहीत आहे, अन्न टाकलं तर आपली काय गत व्हायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला हाक मारून दुकानात नेलं. त्यांना बोलायचं असलं की हातात काहीतरी लागतं, म्हणून एक फळी घेऊन रंधा मारायला लागले. फळी आधीच गुळगुळीत होती.

"तुझ्याकडे त्याचा पत्ता आहे."

"आहे."

"मावशीनं दिला."

"तिनं नाही दिला. मी घेतला."

"मला देणार नाहीस."

"नाही, बाबा. शब्द दिलाय."

"बरं." पाच-सहा वेळा रंधा फिरला. ढलपी पडली नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाव तरी सांगशील?"

आता गावाबद्दल माझं काही बोलणं झालेलं नव्हतं, दादा. तू रागावशील, पण त्यांची मान इतकी खाली गेली होती की मला मानेमागचे सगळे पांढरे केस दिसले. मी गाव सांगितलं. पत्ता सांगितला नाही, सांगणारही नाही.

ते येताहेत. येत्या रविवारी, आठ तारखेला, सकाळच्या गाडीनं. तुझ्या खोलीवर नाही. त्यांना माहीतच नाही ती कुठे आहे. बसस्थानकावर, तिकिटाच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसणार आहेत. संध्याकाळच्या गाडीनं परत. मी म्हटलं, बाबा, एवढं मोठं गाव, तो कशाला तिकडे फिरकेल? म्हणाले, "तू कळव. त्याला यायचं असेल तर येईल. नसेल तर मी बसून येईन. मला बसायला काय होतंय?"

मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय: तुला परत चल म्हणायचं नाही. दुकानाचा विषय काढायचा नाही. लांबून दिसलास तर मागे धावायचं नाही आणि हाक मारायची नाही, तू जवळ येईपर्यंत. प्रत्येकाला "हं" म्हणालेत. मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाले. "तू आलीस की मी तुझ्याशीच बोलत बसेन."

त्यांनी नवा सदरा काढून ठेवलाय. मी बघितला असं त्यांना दाखवलेलं नाही.

तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. मी तुला दोष देणार नाही, चारचौघांत खाल्लेल्या थपडेचा हिशेब माझ्याकडे नाही. पण तो रविवार आहे, आणि ते खिडकीसमोरच्या बाकावर असतील, हे तुला ठाऊक असावं.

चिंगळी

*

दि. १३ फेब्रुवारी
घरून

दादा,

तू आला होतास.

बाबांनी सांगितलं ते तुला लिहिते, म्हणजे तुझ्या बाजूनं काय झालं ते मला कधीतरी कळेल.

ते दिवेलागणीला परतले. चपला काढल्या, पाय धुतले, खुर्चीवर बसले. मी विचारायचं टाळत पाणी दिलं. ते पाणी पिऊन म्हणाले, "दिसला."

मी तांब्या खाली ठेवला.

"कुठे?"

"समोर. रस्त्याच्या पलीकडे. सायकलच्या दुकानाशी. दुपारचा एक वाजला असेल. मी डबा सोडत होतो."

"मग?"

"मग काय? उभा होता. मी बघितलं, त्यानं बघितलं."

"तुम्ही हाक नाही मारलीत?"

माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच गुन्हा केलाय. "तूच म्हणालीस, हाक मारायची नाही." मग म्हणाले, "हात वर केला. हाताचं तू काही बोलली नव्हतीस."

दादा, मी हसले आणि मला हसू आवरेना आणि मग रडूही आवरेना. बाबा घाबरले. "अगं, त्यानंही केला," म्हणाले. "अर्धाच. इथपर्यंत." आणि त्यांनी स्वतःचा हात छातीपर्यंत उचलून दाखवला. मग म्हणे मध्ये एक गाडी येऊन थांबली, माणसं उतरली, सामान उतरलं, आणि गाडी गेली तेव्हा तू पाठमोरा होऊन गल्लीत शिरत होतास. बाबा बाकावरून उठले नाहीत. शब्द दिला होता म्हणून उठले नाहीत, असं मला तीनदा सांगितलं. संध्याकाळपर्यंत तिथेच बसले, पुन्हा येशील म्हणून. गाडी चुकेल अशी वेळ झाली तेव्हा निघाले.

"बारीक झालाय," म्हणाले. "कानाजवळ पिकलाय. माझ्याआधी पिकला." आणि मग जेवायला वाढ म्हणाले आणि पोटभर जेवले. पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहेत. तुला आवडो न आवडो, ते त्या बाकावर जाऊन बसणार, आता त्यांना मी अडवू शकत नाही.

माझं सांगायचं तर, मास्तरांनी मंगळवारी मला बोलावलं. विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "दिसला. बाबांना." त्यांनी मान हलवली आणि खाणीवर नेलं. पुतळा टाकलेला होता. त्याला आता कुणी जावई म्हणत नाही, कुणी ठरवलं नाही, आपोआप बंद झालं. मी उतरले. तळाशी गेल्यावर हात पुढे जाईना. गाळावर हात ठेवून मी नुसती पडून होते. लंब्यानं दोर ओढला, मी लगेच उत्तर दिलं, बोलूनही सांगितलं, "ठीक आहे, पण हात पुढे जात नाहीये." वरून मास्तर म्हणाले, "घाई नाही. वेळ घे. हवा आहे तुझ्याकडे." मी तशी किती वेळ पडून होते कुणास ठाऊक. मग सरकायला लागले. पुतळा सापडला तेव्हा मी त्याची बोटं मोजली नाहीत. पट्टा धरला, कळवलं, वर आणला. काठावर येऊन मला उलटी झाली. पथकात नाव लागलंय माझं. पुढचं बोलावणं येईल तेव्हा मीही जाईन.

हे सोपं होईल असं मला वाटत नाही. मास्तर म्हणतात, व्हायलाही नको.

रंगारी काल केंद्रावर आला होता. काही काम नव्हतं. बाकावर थोडा वेळ बसला, चहा घेतला, गेला. लंब्या म्हणाला, येऊ दे त्याला.

आता एकच गोष्ट, त्यासाठीच खरं तर हे पत्र. बाबा रविवारपासून एकाच विचारात आहेत. दुकानात जातात, फळीवर पेन्सिलीनं रेघ मारतात आणि तसेच उभे राहतात. काल रात्रभर कूस बदलत होते. सकाळी मी जरा रागावूनच विचारलं, काय झालंय? तर म्हणाले, गल्लीत शिरताना तू उजवा पाय ओढत होतास. आधी वाटलं, काही लागलंय. मग वाटलं, चपलेचा अंगठा तुटला असेल, अंगठा तुटला की माणूस असाच चालतो. मग पुन्हा वाटलं, नाही, पायच. नीट बघायला हवं होतं, म्हणतात. मध्ये ती गाडी आली.

त्यांनी मला हे पत्रात लिहू नको म्हणून सांगितलंय. मी लिहिलं.

परत येण्याबद्दल विचारत नाही. रागाबद्दल, दुकानाबद्दल, काहीच विचारत नाही. मावशीला फोन करून एवढंच सांग: पायाला लागलंय, की चप्पल तुटली आहे?

चप्पल असू दे.

तुझी
चिंगळी